मडक्याबाहेरची पोपटी

ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या रायगडात मातीचं मडकं घेतात, तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधेमधे अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, आणि पुन्हा तोंडाशी पाला दाबतात. मग मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही, सगळं आपापल्या वाफेवर शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजलं की झाली पोपटी.

तर जानेवारी २०२५ मधला एक शनिवार. चिरनेरला आमच्या घरामागच्या शेतात पोपटी लावली होती. चिरनेर उरण तालुक्यातलं, पण आमच्या घरचा बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं पनवेलचं. थंडी चांगलीच होती. काकांनी कानटोपी घातलेली, आई शालीत गुंडाळलेली, पोरंटोरं जाळाला चिकटून बसलेली. आणि मी? मी जाळापासून वीस पावलं लांब, बांधावर, स्वेटर काढून, ओढणीने मान पुसत उभी. छातीपासून काहीतरी तापत वर चढलं, कान लाल, कपाळावर घाम, आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा गार, इतकं की दात वाजायला लागले. काका तिकडून ओरडले, "मडकं इथे आहे गं, तू कशाला शिजतेस?" सगळे हसले. मीही हसले.

आई मात्र उठून माझ्याजवळ आली. पाठीला हात लावला, ब्लाउज ओला. म्हणाली, "बाय, तुझा बी सुरू झाला वाटतं."

काय सुरू झालं ते तिने सांगितलं नाही, आणि तिला सांगताही आलं नसतं. कारण त्याला आमच्या घरात नावच नाही. पहिल्यांदा पाळी आली की "शहाणी झाली". शेवटची येऊन गेली की "पाळी गेली". मधल्या पाच-सात वर्षांचं काय? जणू भिंतीवरचं बटण आहे, एका दिवशी दाबलं आणि दिवा गेला. प्रत्यक्षात दिवा जाण्याआधी कित्येक वर्षं होल्टेज वरखाली होत असतं, आणि त्यात घरातल्या बाकीच्या वस्तू जळतात.

आता हे लिहिताना कळतंय की ती रात्र उजाडण्याआधी दीडेक वर्ष माझं होल्टेज वरखाली होतच होतं. मी ते चार वेगवेगळे आजार समजून चार ठिकाणी दाखवत होते. पहिलं म्हणजे झोप. पहाटे तीनला टक्क जाग. मला वाटलं ऑन-कॉलची सवय, वीस वर्षं रात्री-अपरात्री सर्व्हर पडल्याचे फोन घेतलेत, शरीराने तीनचा अलार्म स्वतःच लावून घेतला असेल. दुसरं, धडधड. शांत बसलेलं असताना छातीत अचानक घोडे सुटायचे. ईसीजी झाला, टू-डी एको झाला, दोन्ही चांगले आले. तिसरं, उजवा खांदा. हात मागे नेऊन हूक लावता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं आणि "माउस जास्त वापरता ना?" असं विचारलं. आम्ही आयटीवाले, आमचा प्रत्येक आजार माउसमुळेच होतो!

चौथं सगळ्यात भयंकर होतं. शब्द जायला लागले. एका डिझाइन रिव्ह्यूमध्ये पंधरा जणांसमोर मी बोलत होते आणि 'क्यू' हा शब्द आठवेना. रांग आठवली, लाइन आठवली, क्यू नाही. जो शब्द मी दिवसातून चाळीस वेळा उच्चारते! मी हवेत हाताने "ते... एकामागून एक..." असं दाखवत राहिले. एका ज्युनिअर मुलाने हळूच शब्द पुरवला. त्या रात्री मी राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला. माझ्या एका आजीला शेवटी शेवटी माणसं ओळखता येत नव्हती. मला वाटलं, आपल्याला ते लवकर लागलं.

तो ड्राफ्ट सात महिने तसाच पडून होता. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

पोपटीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी पहिल्यांदा हे सगळं एकत्र ठेवून वाचायला बसले. आणि माझ्यासारखी बाई, जी प्रॉडक्शनमधला दोष शोधताना पहिला प्रश्न "हे सगळे एरर एकाच वेळी कधीपासून सुरू झाले?" असा विचारते, तिने स्वतःच्या शरीराबाबत तो प्रश्न दीड वर्षात एकदाही विचारला नव्हता.

मला जे समजलं ते असं. पाळी थांबण्याच्या आधीच्या काळाला डॉक्टर पेरिमेनोपॉज म्हणतात. दोन पाळ्यांमधलं अंतर एरवीपेक्षा सात किंवा जास्त दिवसांनी वारंवार मागेपुढे व्हायला लागलं की तो सुरू झाला असं धरतात. मधे साठ दिवसांची किंवा त्याहून मोठी फट पडायला लागली की त्याचा उत्तरार्ध. आणि सलग बारा महिने पाळी आली नाही की मागे वळून म्हणायचं, ती शेवटची होती. म्हणजे मेनोपॉजची तारीख ती येऊन गेल्यानंतर वर्षाने कळते. भारतात ती सरासरी छेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास येते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. इंग्रजी पुस्तकं वाचून "मला अजून वेळ आहे" म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही पाच वर्षं वजा करून घ्यावीत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. माझी समजूत होती की इस्ट्रोजेन हळूहळू उतरत जातं, फोनच्या बॅटरीसारखं. तसं नाही. आधी काय होतं तर काही महिन्यांत अंडाशयातून बीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र असतं, आणि कधी कधी तर तरुणपणापेक्षाही जास्त उसळतं, मग धाडकन पडतं. गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनमुळे जाड होत राहतं, त्याला आवरणारं प्रोजेस्टेरॉन नसतं, आणि मग पाळी येते ती धो धो. "आता पाळी जायची वेळ झाली म्हणजे कमी कमी होत जाईल" हा आमच्याकडचा हिशेब म्हणूनच चुकतो. कित्येकींना जाण्याआधी ती वाढते.

घामाचं कारण मेंदूत आहे. हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचा थर्मोस्टॅट असतो. एरवी तो थोडं गरम, थोडं गार चालवून घेतो. इस्ट्रोजेन खालीवर झालं की ही चालवून घेण्याची पट्टी अगदी अरुंद होते, आणि तापमान जरासं वाढलं की मेंदू आग लागल्यासारखा घाम सोडतो. जाळाशेजारी बसल्यावर मी का पेटले ते तेव्हा कळलं.

हे किती दिवस चालतं? अमेरिकेत १९९० च्या दशकात 'स्वान' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, तीन हजारांवर बायकांना वर्षानुवर्षं तपासत गेले. वारंवार वाफा येणाऱ्या बायकांमध्ये हा त्रास निम्म्याजणींना साडेसात वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त टिकला. कृष्णवर्णीय बायकांमध्ये दहा वर्षं, जपानी वंशाच्या बायकांमध्ये पाचेक. भारतीय बायकांचा गट त्यात नव्हता, त्यामुळे आपण कुठे बसतो ते त्यावरून सांगता येत नाही. पण याच अभ्यासातून २००९ साली आलेली एक गोष्ट मी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. नवीन गोष्ट शिकण्याचा वेग या संक्रमणाच्या काळात मंदावतो आणि पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा सुधारतो. म्हणजे डेटा करप्ट झालेला नव्हता, नेटवर्क स्लो होतं. राजीनाम्याचा ड्राफ्ट त्या दिवशी डिलीट केला.

(एक गंमत. त्याआधी मी एका लॅबचं 'वुमन वेलनेस पॅकेज' करून आले होते, त्यात एफएसएच नावाच्या हार्मोनची चाचणी होती. ती नॉर्मल आली म्हणून मी निर्धास्त झाले होते. हे हार्मोन या वयात एका महिन्यातच वर जाऊन खाली येतं. गचके खाणाऱ्या सर्व्हरचा लोड एकदाच बघून "ठीक आहे" म्हणण्यासारखं. पंचेचाळिशीनंतर लक्षणं असतील तर निदानासाठी ही चाचणी करू नका असं ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१५ पासून स्पष्ट लिहून ठेवलंय. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासावंच, कारण त्यांची लक्षणं अगदी हीच सोंगं घेतात.)

इथपर्यंत माझी गोष्ट. ती तशी बरी संपली असती. पण त्याच रविवारी दुपारी भांडी घासताना वहिनी म्हणाली, "ताई, पुढच्या सोमवारी माझी पिशवी काडाची हाय."

वहिनी चव्वेचाळीसची. वर्षभर तिला फार अंगावरून जात होतं. गाठी पडायच्या. दोन-दोन पॅड एकावर एक लावून ती शेतावर जायची. ओठ पांढरे, जिना चढताना धाप. दादाला माहीत नव्हतं. म्हणजे 'बायकांचं काहीतरी' एवढं माहीत होतं. चिरनेर हे २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं गाव, पोलिसांच्या गोळ्यांसमोर उभं राहिलेल्या माणसांचं. दर वर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना असते आणि आमची छाती फुगते. त्याच गावात बाई नवऱ्यासमोर 'पाळी' हा शब्द काढत नाही. असो.

एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, दोन मुलं झाली, आता पिशवीचं काम काय, ठेवली तर कॅन्सर होईल. सोनोग्राफी झाली होती, हिमोग्लोबिन तपासलं नव्हतं. खर्च साठ हजार, त्यासाठी गळ्यातलं मोडायचं ठरलं होतं.

आणि आई चुलीपाशी बसून एक शब्द बोलत नव्हती.

कारण आईची पिशवी १९९४ मध्ये काढली. ती अडतीस वर्षांची होती, मी पंधराची. कारण हेच, अंगावरून जाणं. त्या वेळी नुसती पिशवी नाही, दोन्ही अंडाशयंही काढली. हे तिला माहीतच नव्हतं, मलाही पुष्कळ वर्षांनी एका सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'ओव्हरीज नॉट व्हिज्युअलाइज्ड' वाचून, मग विचारपूस केल्यावर कळलं. अंडाशयं काढली की पेरिमेनोपॉज वगैरे काही नाही, त्या दिवशीच मेनोपॉज. तिथे खरंच बटण दाबलं जातं. मला ती वर्षं आठवतात. आई रात्री उठून ओटीवर जाऊन बसायची, हातात विंझणा, पदर ओला. आजी म्हणायची हिला बाहेरचं काही लागलंय. एकदा देवऋषीही आणला होता. आई चिडचिड करायची, मग रडायची, मग पहाटे उठून कामाला लागायची. मी दहावीचा अभ्यास करत आतल्या खोलीत बसायचे आणि विंझण्याचा आवाज ऐकायचे. मला तिचा राग यायचा. खरंच सांगते, राग यायचा.

बावन्नाव्या वर्षी आई अंगणात नुसती घसरली आणि मनगट मोडलं. पासष्टीला काही न होता पाठीचा मणका दबला. आता उंची दोन इंच कमी झालीये. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचाही धोका वाढतो, आणि म्हणून अशा बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत बाहेरून इस्ट्रोजेन द्यावं हा आज सर्वमान्य सल्ला आहे. आईला टाके काढून घरी पाठवलं होतं.

ही एकट्या आमच्या घराची गोष्ट नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली होती. राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर ब्याऐंशी हजारांवर बायकांची माहिती आली, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. तिथे कारण आणखी वेगळं: पाळीत काम चुकलं की खाडा, खाड्याचा दंड. पण दवाखान्यातलं वाक्य तेच, 'कॅन्सर होईल'. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरज नसताना केल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. आदेश दिल्लीत निघाला, वहिनीला तारीख मिळाली ती त्यानंतर पावणेदोन वर्षांनी.

मी म्हटलं, सोमवारी जाऊ नको. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. वहिनी तयार होईना. "मना भ्याव वाटतं, कॅन्सर असला तं?" तिचं बरोबर होतं. मी मुंबईहून शनिवारी येणार, चार गोष्टी इंटरनेटवरच्या सांगणार आणि रविवारी संध्याकाळी जाणार. त्रास तिचा. मग आई बोलली. इतका वेळ गप्प होती ती एवढंच म्हणाली, "जा गो. माज्या येलेला कोन नव्हता सांगाला."

पनवेलच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, मागच्या सहा महिन्यांच्या तारखा सांगा. मला वाटलं झालं, आता वहिनी "आठवत नाही" म्हणणार. वहिनीने पिशवीतून (कापडी पिशवीतून!) गुंडाळी केलेलं कालनिर्णय काढलं. २०२४ चं, अख्खं. दुधाचा हिशेब, सिलेंडरची तारीख, पोरांच्या फीची तारीख, आणि कोपऱ्यात शाईचे बारीक ठिपके. सणावाराला, गणपतीत शिवाशिव पाळायची म्हणून ती लग्नापासून हे ठिपके मारत आली होती. ज्या दिवशी जास्त त्या दिवशी ठिपका मोठा. मी वीस वर्षं लॉग वाचतेय, इतका स्वच्छ लॉग क्वचित पाहिला. आम्ही बाकावर बसून अंतरं काढली: २४, ३८, १९, ५२, २२. रक्तस्राव नऊ दिवस, अकरा दिवस, एकदा सोळा. डॉक्टरबाई म्हणाल्या, निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं असं: हिमोग्लोबिन ७.६. थायरॉइड ठीक. सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची गाठ, पण ती अशा जागी की एवढ्या रक्तस्रावाचा दोष तिच्यावर टाकता येत नव्हता. अस्तर जाड होतं म्हणून त्याचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सरची भीती अशी तपासून घालवायची असते, अवयव काढून नाही. ते दहा दिवस वहिनी जेवली नाही म्हटलं तरी चालेल. रिपोर्ट साधा आला.

मग डॉक्टरबाईंनी पर्याय मांडले. पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, त्याने स्राव कमी होतो. किंवा प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन थोडं थोडं सोडणारी कॉपर-टीसारखी दिसणारी छोटी वस्तू पिशवीत बसवायची, ती काही वर्षं चालते आणि अस्तर पातळ ठेवते. हे काहीच लागू पडलं नाही तर ऑपरेशन आहेच, आणि तेव्हाही अंडाशयं कारण नसताना काढायची नाहीत. सोबत लोह, कारण ७.६ वर चालणारी बाई थकली नाही तरच नवल. वहिनीने विचार करून ती वस्तू बसवून घेतली.

पुढचे तीन महिने मला फोन. "तुजे नादाला लागले आन् रोज थोडा थोडा जातंय!" सुरुवातीला असं थेंबथेंब जाणं अपेक्षित असतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि भोगणं वेगळं. एकदा तर दादाने फोन घेऊन मला झापलं (त्या निमित्ताने त्याच्या तोंडून 'पाळी' हा शब्द निघाला, हाही फायदाच). चौथ्या महिन्यात कमी झालं. सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन अकराच्या जवळ. गळ्यातलं गळ्यातच आहे.

हे वाचून कुणी "पिशवी कधीच काढू नये" असा अर्थ घेऊ नका. माझ्या एका मैत्रिणीची गाठ नारळाएवढी होती, तिने काढली आणि ती सुखी आहे. प्रश्न एवढाच की काढण्याआधी काय काय तपासलं आणि दुसरं काय करून पाहिलं. आणि उलट बाजूही आहे: तासा-दोन तासाला पॅड भिजणं, पाळीच्या मधेच किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एक डाग जरी दिसला, तर "वय झालं, असं होतंच" म्हणून घरी बसायचं नाही. शिवाय बारा महिने पूर्ण होईपर्यंत दिवस राहू शकतात हे कित्येकींच्या गावीही नसतं. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर काळजी दोन वर्षं घ्यावी असं सांगतात.

माझं काय केलं तेही सांगून टाकते, कारण मला मेल येतात. मी हार्मोन घ्यायला घाबरत होते. आपल्या पिढीच्या डोक्यात "हार्मोन म्हणजे स्तनाचा कॅन्सर" हे समीकरण २००२ साली बसलं. त्या वर्षी अमेरिकेतला 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चा मोठा प्रयोग मधेच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. मी आकडे वाचले. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या आठ केसेस जास्त. आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं त्रेसष्ट! म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बायकांवरचा निष्कर्ष पंचेचाळिशीतल्या बायकांना लावला गेला. आज तज्ज्ञ म्हणतात की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, खरोखर त्रास असलेल्या बहुतेक बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही या औषधांवरचे ते काळ्या चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात झालाय, यकृताचा आजार आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू आहे, त्यांच्यासाठी हे नाही. आणि पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीच नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच.

मॅमोग्राफी, रक्तदाब वगैरे पाहून मला त्वचेला लावायची जेल आणि रात्रीची गोळी सुरू झाली. महिनाभरात झोप परतली. वाफा अजून येतात, दिवसाला आठच्या जागी एक-दोन. शब्द? बरेच परत आले. ते हार्मोनमुळे की झोपेमुळे की भीती गेल्यामुळे, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही, तीन बदल एकाच रिलीजमध्ये गेले. खांदा मात्र व्यायामाने आणि वेळेनेच सुटतोय. ज्यांना हार्मोन नकोत किंवा चालत नाहीत त्यांना वाफांसाठी दुसरी औषधं आहेत, आणि कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी नावाची बोलून करायची पद्धत खरंच उपयोगी पडते. योग आणि सोयाबीन यांचा वाफांवर उपयोग होतो याला मात्र पुरेसा पुरावा नाही असं अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये सांगितलं. योग करणाऱ्यांनी रागावू नये, मीही करते, झोपेला बरं वाटतं. हाडांसाठी वजनं उचलायला लागलेय. कॅल्शियमची मला फिकीर नाही, काट्यासकट खायची मांदेली आणि सुकट यांवर आम्ही वाढलोय.

ऑफिसात टीमला सांगितलं. एका मीटिंगमध्ये वाफ आली तेव्हा सरळ म्हटलं, मला मेनोपॉजच्या आधीचा त्रास आहे, दोन मिनिटं थांबा, एसी वाढवा. पाच सेकंद सगळे म्यूटवर. मग 'क्यू' शब्द पुरवणाऱ्या त्याच मुलाने नंतर वेगळा मेसेज केला: माझी आई अठ्ठेचाळीसची आहे, हल्ली फार रडते, हे तेच असेल का? मी त्याला म्हटलं आधी तिला तारखा विचार.

या जानेवारीत पुन्हा पोपटी झाली. वहिनी जाळाशी बसून शेंगा सोलत होती, दादा तिला कोंबडीची तंगडी काढून देत होता. आईने मला बाजूला घेतलं. वर्षभर तिने वहिनीचा एकेक रिपोर्ट कुणाकडून तरी वाचून घेतला होता. म्हणाली, "हिची पिशवी नाय काडली तरी बरी झाली. मंग माजी कनाला काडली?"

मी तिला १९९४ मध्ये ही साधनं एवढी नव्हती वगैरे सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् त्या दोन गोल्या कनाला काडल्या?" अंडाशयांना ती गोळ्या म्हणते. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कागद शोधले होते, पत्र्याच्या ट्रंकेत बिलाची पावती सापडली, ऑपरेशनचा कागद नाही.

मडक्यावर पाणी शिंपडल्याचा चर्र आवाज आला, पोरं ओरडली. मी आईला सांगितलं की पुढच्या मंगळवारी पनवेलला तुझ्या हाडांची घनता मोजायची आहे, मनगट मोडलं तेव्हाच करायला हवी होती ती तपासणी, आणि हाडं जपायला आता औषधं आहेत.

"उपाशी येवाचा?"

"नाही, नुसतं झोपून फोटो काढतात. कॅल्शियमची गोळी तेवढी आदल्या दिवशी घेऊ नको."

"मंग जेवून येतंय," म्हणाली, आणि शाल सारखी करून जाळाकडे गेली.